कुत्रा म्हणाला, ‘दूऽऽध’

जास्वंद कुणी लावली याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. मी लावली, हे एक. मी लावल्यावर ती मरायला टेकली होती, मग हिने ती उपटून कुंपणाच्या कडेला नेली म्हणून जगली, हे दुसरं. मात्र रोज पहाटे तिची फुलं कुणीतरी तोडून नेतं, याबद्दल मतभेद नव्हता. निदान मी तरी तसं धरून चाललो होतो. नाशकात श्रावण लागला की आमच्या कॉलनीत साडेपाचपासून माणसं फिरायला बाहेर पडतात, बऱ्याच जणांच्या हातात कॅरीबॅग असते आणि एखाद्याच्या हातात टोकाला तारेची आकडी बांधलेली काठी. प्रकृतीसाठी चालताना आकडी नेमकी कुठल्या स्नायूला लागते, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

माझी उभी हयात जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात गेली. तिथे एक शिस्त अंगात मुरते: पुराव्याशिवाय आक्षेप काढायचा नाही. म्हणून मी रोज रात्री जेवण झालं की बॅटरी घेऊन कळ्या मोजायचो, सकाळी फुलं मोजायचो, वहीत ‘अपेक्षित’ आणि ‘प्रत्यक्ष’ असे दोन रकाने आखून नोंद करायचो आणि फरकाखाली लाल शाईने रेघ ओढायचो. वही भरत आली. चोर काही वहीत सापडेना.

तेव्हा कॅमेरा आणला.

बसवायला आलेला मुलगा मोठा चटपटीत होता. फाटकाच्या खांबावर चढता चढता म्हणाला, “काका, याच्यात माइक पण आहे आणि स्पीकर पण. घरबसल्या चोराशी बोलता येतं.” घरबसल्या चोराशी बोलणं ही सोय मला फारच मोलाची वाटली. समोर जाऊन बोलायची माझी छाती नाही हे हिला लग्नाच्या बोलणीतच कळलं होतं, पण त्या पोराला पाच मिनिटांत कसं उमगलं कोण जाणे. त्याने कॅमेरा वाय-फायला जोडला, टीव्हीच्या मागे एक डबी लावली, लेकीने भेट दिलेला ब्लूटूथचा लांबट स्पीकर त्या डबीशी जुळवला, माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकलं, पैसे मोजून खिशात ठेवले आणि “काही लागलं तर फोन करा” असं म्हणून गेला. त्यानंतर त्याचा फोन कायम दुसऱ्या कॉलवर असतो.

चित्र झकास होतं. जास्वंदीच्या पानावरचा मावा दिसत होता. फक्त कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी १९७०. संगणकांच्या एका मोठ्या घराण्यात काळाची मोजदाद त्याच दिवसापासून सुरू होते, घड्याळ न लावलेलं यंत्र डोळे उघडतं ते तिथेच, असं लेकीने मागाहून सांगितलं. म्हणजे पुरावा म्हणून ती फीत पुढे ठेवली असती तर चोरी मी पहिलीत असताना झाली होती. लेक म्हणाली, “बाबा, त्याला नेटवरून वेळ घ्यायला लावा, दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारताची प्रमाणवेळ सांभाळते, तिचा सर्व्हर आहे.” मी तो पत्ता चष्मा पुसून, एकेक अक्षर बोलत भरला. मग टाइम झोनची भली मोठी यादी आली. तीत आपल्या साडेपाच तासांच्या शेजारी काठमांडूचे पावणेसहा तास बसलेले असतात आणि बोट तर माझं जाडच आहे. पुढे बरेच दिवस आमच्या फाटकात नेपाळी वेळ चालू होती, आणि दूधवाला हल्ली पंधरा मिनिटं उशिरा येतो म्हणून मी त्याला दोनदा टोकलंही.

पण हे सगळं किरकोळ. खरी गंमत आवाजाची.

पहिल्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसलो. पडद्यावर दूधवाला आला, त्याने तोंड उघडलं, मिटलं, पिशवी अडकवली आणि सायकल वळवून निघून गेला. सगळं मुकाट. मी म्हटलं, माइक बिघडला. तेवढ्यात गल्लीतला तांबडा कुत्रा रमतगमत आला, फाटकाच्या खांबाचा वास घेतला, मान वर करून थेट कॅमेऱ्यात बघितलं, जबडा उघडला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, “दूऽऽध!”

माझा चहा सांडला.

मग तसंच सुरू झालं. पेपरवाल्याने भिरकावलेला पेपर पडद्यावर बिनआवाजी पडायचा आणि शेजारच्या वहिनी रांगोळी काढायला वाकल्या की ‘धप्प’ व्हायचं. समोरच्या बंगल्यातले संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, ज्यांचं ‘नमस्कार’सुद्धा शुद्धलेखनाचे नियम पाळून येतं, ते छत्री सावरत फाटकावरून गेले आणि जाता जाता भसाड्या आवाजात ओरडले, “भंऽऽगार! जुनं लोखंड, रद्दी, बाटलीऽऽ!” आणि एकदा तर आमचा चांगला मिशाळ दूधवाला पिशवी अडकवता अडकवता अगदी नाजूक बायकी स्वरात म्हणाला, “खालची नका हो घेऊ, ती ह्यांनी मोजलेली असतात. वरच्या फांदीवरची घ्या.” मी चक्रावलो. पण पुरावा तो पुरावा. वहीत नोंद केली: ‘संशयास्पद उद्गार. बोलणारा: दूधवाला. आवाज बसलेला.’

आता तुम्ही म्हणाल, आवाज मागून येतोय हे एवढ्यात कळायला हवं होतं. कळलं होतं हो. मोजायचं कसं ते कळत नव्हतं. शाळेत शिकलेलं एवढंच आठवत होतं की वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, कारण ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मी दूधवाल्याचं तोंड आणि कुत्र्याचं ‘दूऽऽध’ यांच्यामधली सेकंदं मनगटी घड्याळावर मोजली. चार भरली. चार गुणिले ३४३. म्हणजे दूधवाला दिसत होता माझ्या फाटकात, पण पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने तो उभा होता सव्वा किलोमीटरच्याही पलीकडे. हा आकडा मी हिला नेऊन दाखवला. ती म्हणाली, “मग पिशवी कोणी अडकवली?”

तरीही मी दुर्लक्ष केलं असतं, पण प्राध्यापकांचं प्रकरण झालं.

झालं असं, की एका पावसाळी पहाटे पडद्यावर रेनकोट घातलेली, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली एक आकृती जास्वंदीच्या फांदीला हात घालताना दिसली. हाच तो क्षण, ज्यासाठी मी वाक्य पाठ करून ठेवलं होतं. ॲपमधलं माइकचं बटण दाबून धरलं आणि कडाडलो, “अहो, वयाला शोभतं का हे? लोकांच्या दारातली फुलं चोरता?” आता माझा आवाज फोनमधून निघून वाय-फायवर चढून, कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरला वळसा घालून फाटकावरच्या स्पीकरमधून बाहेर पडेपर्यंत रेनकोट कोपऱ्यावरून वळून गेला होता, आणि खांबाशी प्राध्यापक बुटाची नाडी बांधायला वाकले होते. त्यांनी वर बघितलं. आजूबाजूला बघितलं. मग खांबाकडे तोंड करून अत्यंत सौजन्याने म्हणाले, “मी? मी नाडी बांधतो आहे.” हे उत्तर माझ्यापर्यंत पोचलं तेव्हा पडद्यावर दूधवाला होता. मी म्हटलं, हा पठ्ठ्या नाडीची सबब सांगतोय! पुन्हा बटण दाबलं: “नाडी काय बांधता, आधी पिशवी दाखवा!” दूधवाला जागच्या जागी थिजला, मग त्याने क्रेटमधून अर्ध्या लिटरची पिशवी काढून कॅमेऱ्यासमोर धरली, उलटीपालटी करून तारीखसुद्धा दाखवली.

टेलिफोनवाल्यांचा एक आंतरराष्ट्रीय दंडक आहे: बोललेलं समोरच्याला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचलं तर संभाषण सुरळीत होतं, ४०० च्या पुढे गेलं की माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलायला लागतात. चार सेकंदांनी काय होतं ते त्या दंडकात लिहिलेलं नाही. आमच्या कॉलनीत ते सगळ्यांना माहीत आहे.

त्या दिवसापासून मी दुरुस्तीच्या मागे लागलो. लेक पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती म्हणाली, “बाबा, अंदाजाने बोलू नका, नीट मोजा. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा, आई टीव्हीवर बघेल. हात जुळलेला दिसतो कधी आणि टाळी ऐकू येते कधी, एवढं टिपायचं.” सिनेमावाले शूटिंगच्या सुरुवातीला ती पाटी आपटतात ती याचसाठी, चित्र वेगळं, आवाज वेगळा, आणि पाटी मिटलेली दिसते त्या चौकटीवर ‘टक्’ आणून बसवायचं. शांतारामबापूंनी १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ बोलता केला, तोही मराठीतला पहिला. नव्वद वर्षं उलटून गेल्यावर मला एक दूधवाला बोलता करता येईना.

सकाळी सहाला फाटकासमोर उभा राहून मी टाळी वाजवली. थांबलो. पुन्हा वाजवली. आतून ही काहीतरी ओरडत होती, पण ते मला ऐकू येईना म्हणून तिसऱ्यांदा जोरात वाजवली. फिरायला निघालेले दोन गृहस्थ थबकले. एकाने विचारलं, “कशासाठी हो?” मी हातवारे करत म्हटलं, “विलंब काढतोय.” त्यांना काय समजलं देव जाणे, पण त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि माझ्या शेजारी उभं राहून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. रक्ताभिसरणाला फार चांगलं असतं म्हणे. पाठोपाठ हास्यक्लबाची मंडळी आली. दहा मिनिटांत आमच्या फाटकापुढे वीसेक माणसं हात डोक्यावर नेऊन टाळ्या पिटत होती, आणि आत टीव्हीसमोर बसलेली ही आतापर्यंतच्या संसारात पहिल्यांदा माझ्या एखाद्या उपक्रमाला एवढा प्रतिसाद मिळालेला बघत होती. नोंद मात्र शून्य, कारण कुठली टाळी कुणाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मग एकट्याने, रात्री साडेदहाला, स्टीलचं ताट आणि लाटणं घेऊन गेलो. पहिला ठोका पडला तसे चारी बाजूंचे दिवे लागले. २०२० च्या मार्चमधली ती थाळ्यांची संध्याकाळ लोक विसरलेले नाहीत. एका गॅलरीतून कातर आवाजात प्रश्न आला, “पुन्हा काही आलंय का हो?”

पण या ताट-लाटण्यातून एक आकडा हाती लागला, आणि आकडा हाती लागला की मी माझ्या मुलखात असतो. डबी सकाळी बंद-चालू केली की विलंब जेमतेम पाव सेकंदाचा. दुपारी ताट वाजवलं तर चारच्या पुढे. रात्री नऊच्या आसपास. म्हणजे विलंब ठरावीक नव्हता, तो दिवसभर साठत होता. मी वेळ आणि विलंब असे रकाने आखले, आरंभीची शिल्लक, अखेरची शिल्लक मांडली आणि पानाचा फोटो लेकीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. म्हणाली, “बाबा, हे फार छान केलंत.” हे वाक्य आमच्या घरात उलट दिशेने जायची पद्धत आहे, त्यामुळे मला ते पचवायला वेळ लागला.

तिने मग जे सांगितलं ते मी लेखा विभागाच्या भाषेत लिहून घेतलं, तसंच तुम्हाला सांगतो. कॅमेरा आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतो. इकडे टीव्हीची डबी सेकंदाला ८००० नमुने वाजवते. पण दोघांची घड्याळं वेगळी, आतल्या स्फटिकाची ठोक्यांची चाल किंचित वेगळी. समजा कॅमेऱ्याचा ‘सेकंद’ केसभर आखूड निघाला आणि त्याने ८००० ऐवजी ८००१ नमुने धाडले. जमा ८००१, खर्च ८०००, शिल्लक एक. सेकंदाला एकच नमुना, कोण लक्ष देतो? पण तासाला ३६०० शिल्लक पडतात, म्हणजे जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा आवाज. चोवीस तासांत ८६,४०० नमुने. भागिले ८०००. दहा सेकंदांच्या वर. आणि ही शिल्लक कुणी निकालात काढत नाही, ती दुसऱ्या दिवसावर ओढली जाते. ऐकून माझे डोळे पाणावले. सबंध नोकरीत मी हीच चूक इतरांच्या पानावर पकडली होती.

“मग चित्राचं असं का होत नाही?” मी विचारलं.

कारण चित्र चलाख आहे. सेकंदाला पंधरा-वीस चौकटी येतात, मागे पडलं की डबी त्यातल्या दोन-चार खुशाल गाळून पुढे उडी मारते आणि बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. आवाज म्हणजे पोथीला बसलेले आमचे भटजी. बाहेर पंगत खोळंबलेली असो की आचारी रुसलेला असो, ते एक ओवी गाळणार नाहीत. आवाजातला एवढासा तुकडा गाळला तरी कानाला ‘टक्’ असं खुपतं, म्हणून साधी यंत्रं तो गाळायचं टाळतात, सगळं ओळीने वाजवत राहतात आणि मागे मागे पडत जातात. आमच्या घरात चित्र कोण आणि आवाज कोण, हा विचार माझ्या मनात आला होता. मी तो हिच्यापुढे बोललो नाही.

पण हिशेबात अजून एक फरक राहत होता. सकाळी सहाच्या सुमाराला, म्हणजे नेमकं जास्वंदीच्या वेळेला, विलंब एकदम उसळी घ्यायचा. पाव सेकंदावरून दोन-तीनवर. संध्याकाळी असं व्हायचं नाही. मी पावसाला दोष दिला, विजेच्या तारेला दिला, शेजाऱ्यांच्या नव्या राउटरला दिला. आमचा स्वतःचा राउटर आतल्या खोलीत लोखंडी कपाटाच्या मागे आहे, त्यावर हिने विणलेला क्रोशाचा रुमाल आहे आणि रुमालावर गजाननमहाराजांचा फोटो. तेव्हा तिकडे बोट दाखवायची सोय नव्हती. शेवटी लेकीने विचारलं, “बाबा, त्या वेळी घरात काय काय चालू असतं?”

काही नाही गं. मी उठतो, रात्रीचा उरलेला चहा मायक्रोवेव्हमध्ये गरम करायला ठेवतो, आणि टीव्हीसमोर येऊन उभा राहतो.

फोनवर बराच वेळ शांतता होती. मला वाटलं, इथेही विलंब. मग ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली की मायक्रोवेव्ह सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, तुमचा कॅमेरा २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर आहे, भट्टीच्या दारातून थोडी गळती होतेच, आणि भट्टी कपाट नि फाटक यांच्या बरोबर मधे आहे. त्यामुळे कॅमेऱ्याने पाठवलेली पाकिटं वाटेत हरवतात, ती पुन्हा मागवावी लागतात, तोवर मागची सगळी रांग खोळंबते. थोडक्यात, रोज चोराच्या येण्याच्या वेळी मी स्वतःच्या हाताने पुरावा भाजत होतो. हिने पलीकडून सगळं ऐकलं होतं. “तरी मी सांगते, शिळा चहा पिऊ नये.”

उपाय दोन. एक, वाय-फाय सोडून कॅमेऱ्याला केबल टाकायची. त्याच केबलमधून वीजही जाते, म्हणजे वेगळा प्लग नको, आणि शंभर मीटरपर्यंत काळजी नको. आमचं फाटक तर वीस पावलांवर. दुसरा उपाय डबीतल्या सॉफ्टवेअरचा, तो लेकीकडे. केबल मात्र मी स्वतः मारणार, असं जाहीर केलं. बाजारातून केबल आणली, जॅक आणले, ते दाबून बसवायचं पकडीसारखं यंत्र आणलं. पोर्चच्या स्लॅबवर चढलो, केबल खिळ्यांनी ठोकत फाटकापर्यंत नेली आणि परत वळलो तो शिडी नाही. हिला कढीपत्ता हवा होता. तो काढून, शिडी जागेवर ठेवून, आमटीला फोडणी देऊन ती मला हाक मारायला बाहेर आली तेव्हा मी स्लॅबवर प्लॅस्टिकची बादली डोक्यावर घेऊन बसलो होतो. श्रावणसरी मी आयुष्यात एवढ्या निवांतपणे कधी अनुभवल्या नव्हत्या.

केबलच्या पोटात आठ तारा असतात, दोन-दोनच्या पीळ घातलेल्या चार जोड्या. त्या जॅकमध्ये घालायचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तुमच्या लक्षात आलं का? बाकी सगळे जोडीजोडीने आणि हिरव्याची जोडी मात्र फोडून मधे निळे घुसवलेत. लेखा विभागात असली मांडणी कुणी केली असती तर मी मेमो काढला असता. छापील कागदात चूक झाली असणार, असं ठरवून मी हिरवे शेजारी शेजारी बसवले, निळे शेजारी शेजारी बसवले, दोन्ही टोकांना अगदी सारखे, आणि जॅक दाबला. कॅमेरा सुरू झाला! चित्र आलं, अर्ध्यावर गोठलं, परत आलं, हिरवंनिळं झालं, गेलं. त्या फोडलेल्या जोडीला कारण असतं. टेलिफोनच्या जमान्यात मधल्या दोन खुंट्या फोनला राखून ठेवलेल्या, म्हणून दुसरी जोडी त्यांच्या दोन बाजूंना गेली. आणि यंत्रं तिसऱ्या नि सहाव्या तारेला एक जोडी मानतात. मी टापटीप केली तशी ती जोडी दोन वेगळ्या पिळांत विभागली गेली, आणि एकीचं बोलणं दुसरीत ऐकू जायला लागलं. जॅक कापून पुन्हा बसवले. क्रम छापील कागदाप्रमाणे. मनातून अजूनही पटलेलं नाही.

रविवारी लेक येऊन बसली. तिने कॅमेऱ्याच्या आवाजाची पद्धत बदलली. आधीची पद्धत १०२४ नमुन्यांचा गठ्ठा भरेपर्यंत थांबायची, म्हणजे आठवा हिस्सा सेकंद तिथेच गहाळ. नवी म्हणून जी लावली ती निघाली टेलिफोनच्या काळातली, १९७२ सालची. मला ते साल चांगलं आठवतं. दुष्काळ होता, आम्ही शाळेत सुकडी खाल्ली होती आणि घरी लाल मिलोच्या भाकरी. तिकडे जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणी साहेब माणसाचा आवाज सेकंदाला चौसष्ट हजार बिटांत कसा बसवायचा ते ठरवत होता, आणि तो आवाज माझ्या दूधवाल्याच्या कामी येणार होता. मग तिने ब्लूटूथचा स्पीकर काढून टीव्हीला वायरचा लावला, कारण बिनतारी स्पीकर स्वतःचा पाव-एक सेकंद खातो. आणि शेवटी डबीत असा प्रोग्रॅम टाकला की शिल्लक साठायला लागली की तो आवाज कानाला कळणार नाही इतपत जलद वाजवतो, आणि फारच साठली तर जुनी टाकून देतो. “म्हणजे निर्लेखित करतो,” मी म्हटलं. “कुणाच्या मंजुरीने?” तिने माझ्याकडे बघितलं आणि लॅपटॉप मिटला.

सोमवारी पहाटे मी चहा गॅसवर गरम केला आणि बसलो. पेपर पडला: धप्प. दूधवाला म्हणाला, “दूऽऽध,” आणि ते दूधवाल्याच्याच तोंडून निघालं. कुत्रा आला तो नुसता हुंगून गेला. मला भरून आलं. एवढ्यात रेनकोट आला. टोपी मागे सरली तर पलीकडच्या गल्लीतल्या आजी. हातात कॅरीबॅग, काठीला आकडी. त्यांनी खालच्या फांदीला हात घातला आणि आमच्या पोर्चकडे बघून थांबल्या. त्याच क्षणी, आजींच्या थांबण्याला बरोबर जुळून, कॅमेऱ्यामागून तो नाजूक बायकी आवाज आला: “खालची नका हो घेऊ, ती ह्यांनी मोजलेली असतात. वरची घ्या. आणि आकडी जरा हळू, कॅमेऱ्याला लागेल.”

आवाज अजिबात बसलेला नव्हता.

मी पोर्चमध्ये गेलो. ही तांब्या घेऊन तुळशीपाशी उभी.

“हे किती दिवस चाललंय?”

“कॅमेऱ्याच्या आधीपासून. देवाच्याच डोक्यावर जातात ना? आपल्याकडे देव तीन आणि झाडाला फुलं परडीभर.”

“मग मला सांगायचं नाही?”

“तुम्हाला वही होती की,” ती म्हणाली. “किती छान वेळ जायचा.”

वहीतल्या दूधवाल्यावरच्या सगळ्या नोंदी मी नियमाप्रमाणे तांबड्या शाईने रद्द केल्या, समासात सही केली. त्याला चहालाही बोलावलं. तो आला, पण बसण्याआधी त्याने कॅमेऱ्याकडे बघून न सांगता दुधाची पिशवी उचलून दाखवली. सवय लागलीय.

आता प्राध्यापकांनीही कॅमेरा घेतलाय. खांबाकडून आपल्यावर पुन्हा आळ आला तर आपल्याकडेही फीत असावी, असं त्यांचं म्हणणं. काल त्यांनी कागदावर वळणदार अक्षरात निरोप धाडला: त्यांच्याकडे दूधवाला फाटकात यायच्या आधीच त्याचा ध्वनी प्रकट होतो, तरी आपण अनुभवी आहात, येऊन जावे. हे प्रकरण जास्त नाजूक आहे. टीव्हीवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय मापात आवाज १२५ मिलिसेकंद मागे राहिला तरी चटकन ध्यानात येत नाही, पण पुढे गेला तर ४५ मध्येच खटकतो. निसर्गात आवाज कधी आधी आलेला कानांनी ऐकलेला नाही ना. मी उलट टपाली कळवलंय की उद्या सहाला हजर होतो, टाळ्या वाजवणाऱ्यांना कृपया आधी सांगून ठेवावं. फक्त हिने ताट द्यायला साफ नकार दिलाय. पोचे आलेत म्हणते. तेव्हा परातीवर भागवायचं.